हँडब्रेक ओढला : होय / नाही

कार्यालयाला मिळालेल्या नव्या गाडीत हँडब्रेक नाही, ही बाब वाहन विभागाच्या लक्षात सहाव्या दिवशी आली. पहिले पाच दिवस सीटवरचं प्लास्टिक काढण्याचे अधिकार कुणाचे, यावर विचारविनिमय चालू होता.

गाडीच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. तेहतीस वर्षं त्यांनी कार्यालयाच्या गाड्या चालवल्या होत्या आणि महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. परगावी त्यांची लेक बाळंत झाली होती. नात पंधरा दिवसांची झाली, तरी मामांनी तिला फोनवरच पाहिलं होतं. गाडीचा ताबा दिला की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघायचं, असं घरी ठरलं होतं.

नवी गाडी मामांना पाच मिनिटांत समजली. दोन सीटच्या मध्ये एक छोटं बटण. ते वर ओढलं की समोर लाल दिवा लागतो आणि मागची चाकं जाम होतात. सोडवताना ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बटण खाली दाबायचं.

"तेहतीस वर्षं खांदा मोडून घेतला," मामा म्हणाले, "आणि हे तर करंगळीचं काम निघालं!"

पण गाडी नुसती मामांना समजून भागणार नव्हतं, ती फॉर्मलाही समजायला हवी होती. ताबा देण्याच्या फॉर्ममध्ये चौथा रकाना होता : 'गियर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढला : होय / नाही.' मामांनी प्रामाणिकपणे 'नाही'वर खूण केली.

वाहन अधीक्षकांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"हँडब्रेक ओढलेला नाही म्हणता?"

"हँडब्रेकच नाही, साहेब. बटण आहे."

"बटणाला रकाना नाही."

"पण गाडी उभी आहे. खिडकीतून बघा की, दिसतेय."

"दिसण्यावर कार्यालय चालत नाही, मामा. ब्रेक ओढलेला नाही म्हणजे कागदोपत्री गाडी चालू आहे. चालत्या गाडीचा ताबा मी घेऊ कसा? आणि चालत्या गाडीतून तुम्ही उतरलात कसे, त्याचाही खुलासा लागेल."

मामांनी खुलासा दिला. तो असमाधानकारक ठरला. चालती गाडी विनाचालक ठेवता येत नसल्यामुळे मामांनी कार्यालयीन वेळेत गाडीत बसून राहावं, असा आदेश निघाला. मामा बसले. हात स्टिअरिंगवर ठेवावेत की मांडीवर, याबाबत आदेशाने मौन बाळगलं होतं. म्हणून ते सकाळी स्टिअरिंगवर आणि दुपारनंतर मांडीवर ठेवत. निवृत्तीचा दिवस आला. मोठ्या साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, तोही खिडकीतून.

लेकीचा फोन आला. "बाबा, निघालात का?"

"गाडीत बसलोय," मामा म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

दहा दिवसांनी समिती बसली. फॉर्म बदलण्यापेक्षा गाडी बदलणं सोपं, यावर सर्व सदस्यांचं एकमत झालं. भंगारात निघालेल्या जुन्या गाडीचा हँडब्रेक उपटून नव्या गाडीत दोन स्क्रूंनी बसवण्यात आला. त्याच्या खाली काहीही जोडलेलं नव्हतं. पण ओढला की करकर वाजायचा. समितीने तो तीनदा ओढून ऐकला आणि समाधान नोंदवलं. इंजिन बंद करताच ब्रेक आपोआप लागण्याची सोय होती, ती काढून टाकण्यात आली. सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय यंत्राने निर्णय घेणं शिस्तीत बसत नव्हतं. बटणावर चिकटपट्टी लावून वर लिहिलं गेलं : 'वापरू नये.'

मग ताबा घ्यायला अधीक्षक जातीने आले. त्यांनी स्वतः गाडी फाटकापासून आणून पोर्चच्या उतारावर थांबवली आणि न्यूट्रल केली.

"साहेब, उतार आहे," शेजारच्या सीटवरून मामा म्हणाले. "पट्टी काढून एकदा बटण—"

"जाता जाता नियम मोडायला लावता काय?"

अधीक्षकांनी दांडा ओढला. छान करकर वाजलं. दोघे उतरले. अधीक्षकांनी बॉनेटवर फॉर्म ठेवून 'होय'वर खूण करायला घेतली. खूण लांबत गेली, कारण बॉनेट पुढे निघालं होतं.

उताराच्या तळाशी दाखल्यांसाठी साठेक माणसांची रांग होती. मामा गाडीच्या पुढे धावले. "बाजूला व्हा! सरका!" ओरडत त्यांनी माणसं दोन्ही हातांनी ढकलली, कुणाला दंडाला धरून ओढलं. गाडी मोकळ्या झालेल्या जागेतून गेली आणि चौकशी खिडकीची भिंत फोडून आत थांबली. खिडकीमागे नेहमीप्रमाणे कुणी नव्हतं, त्यामुळे जीवितहानी टळली.

चौकशी तिथल्या तिथे झाली. चौथ्या रकान्यात 'होय' होतं, म्हणजे गाडी जागची हलणं अशक्य होतं. भिंत जुनी असल्यामुळे तीच पुढे आली असावी, असं टिपण तयार झालं.

"करा सही," अधीक्षक मामांना म्हणाले. "लगेच मोकळे व्हाल. नात वाट बघतेय ना?"

मामांनी पेन हातात घेतलं. बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं.

"मी नाही करणार. माणसं मेली असती, साहेब. एवढ्या सगळ्यांनी पाहिलंय. विचारा त्यांना."

कारकून रांगेजवळ आला. गाडी हलताना ज्यांनी पाहिली असेल त्यांनी साक्षीसाठी दर मंगळवारी हजर राहायचं, बाकीच्यांना दाखला आत्ता मिळेल, असं त्याने स्वच्छ शब्दांत समजावलं आणि एकेकाला विचारत निघाला. नाही. नाही. आमचं लक्ष नव्हतं. मामा एकेका तोंडाकडे बघत होते. कुणाचं नाव घेऊन बोलवावं, तर त्यांना कुणाचं नावही माहीत नव्हतं.

स्थिर गाडीपुढे धावून जनतेत घबराट पसरवल्याबद्दल मामांवर आरोप ठेवण्यात आला. सुनावणी पूर्ण होईपर्यंत त्यांना गाव सोडता येणार नाही.

त्या रांगेत मी बारावा होतो. माझ्या दंडावर मामांच्या बोटांचे वळ अजून आहेत. 'नाही' म्हणायच्या आधी मी निदान खाली तरी पाहिलं. तुम्ही माझ्या मागेच होतात. तुम्ही घड्याळ पाहिलंत.