आलं का?

"आलं!" एवढंच ओरडून सून मोरीकडे धावली, आणि तिच्यामागे आल्याचा तुकडा घेऊन सासूबाई.

"आई, ते आलं नाही हो! मला उलटीसारखं आलं!"

"मग त्यावर हेच मेलं औषध!"

सासूबाईंना ऐकू कमी यायचं आणि त्यांच्या जिभेवर प्रत्येक वस्तू मेलेलीच असायची. मेलं लिंबू, मेला टोस्ट, मेली बादली. रोज सकाळी सून 'आलं' म्हणे, रोज संध्याकाळी त्यांचा कुलूपवाला मुलगा पाव किलो आलं आणी. आलं चहात, आलं उशीखाली, आलं त्याच्या डब्यात. त्याच्या हातांना येणारा कुलुपांच्या तेलाचा वास बायकोला सोसवेना, म्हणून तो दारातच लिंबानं हात घासायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय हो, किल्लीला सरबताचा वास येतोय!"

सून कोरडा टोस्ट कुरतडत सगळं निमूट सोसायची. मागच्या खेपेला नवव्या आठवड्यात मळमळ एका सकाळी अचानक थांबली होती. घर खूश झालं होतं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. तेव्हापासून पोटातली ढवळ तिला निरोपासारखी वाटे: आहे गं, मी आहे.

याही खेपेच्या नवव्या आठवड्यात ती एका सकाळी उठली, आणि पोट शांत.

"गुण आला मेला!" सासूबाईंनी जिन्यात जाहीर केलं आणि शेजारणींना आल्याचे तुकडे वाटले.

सून रिकामी बादली पुढ्यात घेऊन बसून राहिली. कुलूपवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"दवाखाना अकराला उघडतो," तो म्हणाला.

"तोवर काय करू?"

घड्याळात आठ. त्यानं कुलुपांच्या तेलाच्या डबीत दोन्ही हात बुडवले आणि तिच्या नाकाशी धरले.

"हुंग."

"काहीच नाही हो."

"नीट हुंग की! काल तर उंबऱ्यावरूनच पिटाळलं होतंस!"

मग त्यानं शिळे मोजे आणले. कचऱ्याचा डबा आणला. महिनाभर जे जे घराबाहेर काढलं होतं, ते ते मानानं आत आणलं. तिनं एकेक हुंगलं, मान हलवली, आणि तिचे डोळे भरले.

"हे काय आरंभलंय मेल्यांनो?" सासूबाई दारातून ओरडल्या. "बरं वाटतंय ना तिला?"

"आई, मागच्या वेळीही तिला असंच बरं वाटलं होतं."

हे मात्र त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू गेलं. त्या सुनेजवळ टेकल्या. तिच्या गालावरून हात फिरवत राहिल्या. महिनाभर आलं किसून किसून त्या वासात मुरलेला तो हात.

सून ताडकन उठली. "आलं!"

मोरीचं दार लागलं. बाहेर तेलकट हात वर धरून मुलगा, शेजारी आई. अकरा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

"आलं का गं?" सासूबाईंनी दाराला तोंड लावून विचारलं.

"आलं, आई!" आतून हुंदका, हसू, उलटी, तिन्ही एकदम.

सासूबाईंनी मुठीतला आल्याचा तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला. चावला. डोळे पुसले.

"तिखट निघालं मे..." शब्द त्यांनी अर्ध्यावरच गिळला. "तिखट निघालं बाई," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी अर्धा किलो आण."