बारा बंद पंखे

खोटं लिहायचं नाही आणि खरं लपवायचं नाही, एवढं पाळलं की कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, असं बाई येताजाता सांगत. बोलायला हरकत नव्हती म्हणा. एकतीस वर्षं त्यांनी विम्याच्या कचेरीत काढली होती. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की तिथे जाऊन नुकसानीचा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना मागून पंचनामाबाई म्हणत आणि ते त्यांना आवडायचंही. ओरखडा दिसला की त्याची लांबी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्न ठरताना त्यांनी नवऱ्यामुलाला कपाळावरचा व्रण किती जुना म्हणून विचारलं होतं, असं सासरची माणसं अजून सांगतात.

नवऱ्याला सगळा गाव मिस्त्री म्हणायचा. चाळीस वर्षं त्यांचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. स्क्रू निसटायचा, तार भलत्याच ठिकाणी चिकटायची. शेवटी त्यांनी दुकान बंद केलं. महिनाअखेरीला किल्ली जागेच्या मालकाला द्यायची होती, आणि आत पडून होते बारा टेबलफॅन. लोकांनी दुरुस्तीला म्हणून टाकले, ते परत न्यायला कुणी आलंच नाही.

"भंगारात देऊन टाक," मिस्त्री म्हणाले. म्हणताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही.

"भंगारात कशाला? ऑनलाइन लिलावात टाकू. वर्णन मी लिहिते."

दुकानाची फळकुटं, गल्ल्याचं टेबल, पाटी, असं बरंच काही बाईंनी याआधी लिलावात विकलं होतं. खातं दुकानाच्याच नावाचं होतं आणि प्रत्येक घेणाऱ्याने पाच तारे दिले होते. ते तारे बाई रोज सकाळी उठल्या उठल्या बघत.

वर्णन त्यांनी असं लिहिलं: "बारा टेबलफॅन, एकगठ्ठा. एकही चालत नाही. क्रमांक एक: मोटर गुणगुणते, पातं फिरत नाही. क्रमांक दोन: मान डावीकडे वळते, परत येत नाही. क्रमांक तीन: जाळी दीड इंच आत गेलेली, पडल्यामुळे असावी." असं करत करत बारापर्यंत. बाराव्यापुढे फक्त "कधीच सुरू होत नाही" एवढंच होतं.

"अगं, असं लिहिल्यावर कोण घेईल?"

"ज्याला खरं हवंय तो घेईल."

आणि घेतलं की. नुसतं घेतलं नाही, दोघांमध्ये इरेला पेटून बोली लागली आणि शेवटच्या मिनिटाला एका तंत्रशाळेच्या मास्तरांनी बाजी मारली. बाई दोन दिवस जमिनीवर नव्हत्या. पॅकिंग मी करतो, असं मिस्त्री म्हणाले, आणि चार दिवस दुकानात जाऊन बसले. बारा खोक्यांना चार दिवस कशाला लागतात, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. चाळीस वर्षांचं दुकान, घेऊ दे निरोप. शिवाय मिस्त्री संध्याकाळी शीळ घालत घरी येत आणि दोन घास जास्त जेवत. हे कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

आठवड्याने तक्रार आली.

"वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. विक्रेत्याने दिशाभूल केली आहे." बाईंनी ते उभ्याने वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. एकतीस वर्षांत त्यांच्या एका ओळीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. खाली कारण दिलं होतं: "बाराही पंखे उत्तम चालतात."

बाईंनी लिलाववाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, वस्तू तुटकी निघाली का?" पलीकडचा मुलगा म्हणाला.

"नाही. चांगली निघाली."

"मग तक्रार काय आहे?"

"तीच तक्रार आहे."

"मॅडम, आमच्याकडे तुटकी, अपुरी, नकली आणि भलतीच, असे चारच पर्याय आहेत. तुमच्यासाठी मी भलतीच टाकतो. तीन दिवसांत मिटलं नाही, तर खात्यावर दिशाभूल करणारा विक्रेता असा शेरा बसेल."

हा घेणारा थट्टा करतोय, त्याला पुरावा पाठवायला सांगा, असं बाईंनी ठणकावलं. तासाभरात चित्रफीत आली. लांबलचक टेबलावर बारा पंखे ओळीने माना डोलावत होते, आणि एक चष्मेवाले मास्तर खोलीभर उडालेले कागद गोळा करत धावत होते.

बाईंनी फोन नवऱ्यासमोर धरला. मिस्त्रींनी आधी पंख्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की बाईंना पुढचं विचारायची गरजच राहिली नाही.

"तुम्ही दुरुस्त केले?"

"नुसते कंडेन्सर गेले होते गं बऱ्याच जणांचे. चिल्लर काम."

"बाराही?"

"अकरा. बारावा आपला आपण सुरू झाला."

"अहो, पण मी बंद म्हणून लिहिलं होतं ना!"

"तू लिहिलंस. पण माझ्या दुकानातून बंद वस्तू बाहेर कशी जाऊ देऊ?"

बाईंनी मास्तरांनाच फोन लावला. मास्तर रागावलेले नव्हते, रडकुंडीला आले होते.

"बाई, शनिवारी माझ्या बारा मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. एकेकाला एक बिघाड शोधायला द्यायचा. तुमचा तपशील इतका नेटका होता, की मी त्यावरूनच प्रश्नपत्रिका छापून घेतली. आता मुलांनी काय करायचं, वारा खात बसायचं? एक-दोन तारा मी काढून बघितल्या, पण त्या मुलं डोळे मिटून जोडतात. वर्षानुवर्षांचे बिघाड मी एका दिवसात आणू कुठून?"

"जुने भाग आहेत माझ्याकडे," मिस्त्री बाजूने हळूच म्हणाले. "डब्यात ठेवलेत. टाकून देतात का कुणी?"

शुक्रवारी दोघं सकाळच्या बसने निघाली. मांडीवर डबा, पर्समध्ये यादी. शाळेच्या वर्कशॉपमध्ये मास्तरांनी पंखे मांडून ठेवले होते. मिस्त्रींनी पहिल्याचं मागचं झाकण उघडायला पेचकस लावला आणि त्यांचा हात असा थरथरू लागला की पेचकस टेबलावर पडला. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा पडला.

"चार दिवस नाही थरथरला गं," ते बाईंकडे बघून म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, की चार दिवस नुसती दुरुस्तीही चालली नव्हती. आपण अजून मिस्त्री आहोत का, हे हा माणूस बघत होता. त्यांना भरून आलं, आणि इतके दिवस आपल्याला हे कळलं नाही याचा स्वतःचा रागही आला. त्यांनी पेचकस उचलला.

"सांगा, कुठला स्क्रू?"

जन्मात ज्यांनी साधा बल्ब बदलला नव्हता, त्या बाईंनी त्या दिवशी एकामागून एक पंखे बंद पाडले. मिस्त्री शेजारी बसून सांगत होते.

"हळू. अगं, हळू."

"मोडायचाच आहे ना?"

"मोडायचा असला तरी नीट मोडायचा."

तिसऱ्याची जाळी बाईंनी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली, पट्टी लावून बघितली, सव्वा इंचच आत गेली म्हणून पुन्हा आपटली. अडचण आली ती बाराव्याची. त्याला कुणी दुरुस्तच केलेलं नव्हतं, तर बिघडवणार काय? तो आपला खुशाल फिरत राहिला. मिस्त्रींनी डोकं खाजवलं, मास्तरांनी पुस्तक काढलं. शेवटी बाईंनी वैतागून त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली, तसा तो गप्प झाला तो झालाच.

मास्तरांनी यादी हातात घेऊन एकेक पंखा लावून पाहिला. एकही फिरला नाही. त्यांनी बाईंचे हात धरले, तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली आणि फोनवर बराच वेळ काहीतरी लिहीत बसले.

परतीच्या बसमध्ये बाईंनी तारे बघितले. मास्तरांचा अभिप्राय आला होता, दुकानाच्या नावाखाली, ठळक अक्षरात. त्यांनी तो मिस्त्रींना वाचून दाखवला.

"या दुकानातून घेतलेल्या बाराच्या बारा वस्तू बंद निघाल्या. एकही चालत नाही. मालकांनी स्वतः येऊन खात्री करून दिली. डोळे झाकून घ्या."

मिस्त्रींनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"चाळीस वर्षांत दुकानाबद्दल कुणी लेखी दिलं, ते हे पहिलंच," ते म्हणाले. "तारे किती दिलेत?"

"पाच."

"मग असू दे. पण कुणाला दाखवू नकोस हं."

बाईंनी मान हलवली आणि फोन पर्समध्ये टाकला. तोवर तो अभिप्राय दोन्ही लेकींना, दोन्ही जावयांना आणि विम्याच्या अख्ख्या कचेरीला पाठवून झाला होता.