सेक्रेटरी पळाला, टँकर गेला

पळायला काय अक्कल लागते? एक पाय पुढं टाकायचा आणि तो जमिनीला टेकतो न टेकतो तोच दुसरा उचलायचा. झालं! हे वाक्य मी भर मीटिंगमध्ये चेअरमनच्या तोंडावर म्हणालो, आणि तिथूनच माझ्या मागं साडेसाती लागली.

मी सुग्रीव. आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. गाव पालीपासून जवळच, बिंदुसरा धरणाच्या काठाला. 'काठाला' हे आपलं सवयीनं म्हणतो. सोळा सालच्या त्या उन्हाळ्यात धरणाला काठच उरला नव्हता, सगळा तळच होता! पोरं धरणाच्या पोटात क्रिकेट खेळायची. जनावरं छावणीत गेली होती, आणि संस्थेत सकाळचं दूध एवढंच यायचं की मोजायला मापापेक्षा चमचा बरा पडला असता.

अशात संस्थेला पत्र आलं. महाबळेश्वरात सहकारी संस्थांची मॅरेथॉन! प्रत्येक संस्थेनं एक धावपटू पाठवायचा, रविवारी दहा किलोमीटर पळायचं. दोन दिवस राहणं-जेवण आयोजकांकडं, आणि जोडीदारालाही आणायची मुभा.

चेअरमन अर्जुनरावांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं. "कोन पळंल?"

सगळे संचालक सतरंजीचे धागे मोजायला लागले. मी हात वर केला.

"सुग्रीव, चाळिशी उलटली तुमची. पोट बघा जरा!"

"साहेब, पोट थोडंच पळतंय? पाय पळतात! आणि पळायला काय अक्कल लागते? एक पाय पुढं टाकायचा, मग दुसरा उचलायचा. झालं!"

टाळ्या पडल्या. माझं नाव गेलं. हिरवा टी-शर्ट शिवून आला, पाठीवर संस्थेचं नाव. ते एवढं लांबलचक की वाचायला माणसाला माझ्या मागं निदान शंभर पावलं पळावं लागलं असतं.

सरावाला दोन महिने होते. पहिला महिना मी वेळापत्रक आखण्यात घालवला. दुसरा महिना, आखलेलं वेळापत्रक भिंतीवर कुठं लावावं यात गेला. आणि बघता बघता निघायचा शुक्रवार उजाडला! अकरा वाजता जीप दारात येणार होती.

पहाटे साडेपाचला मला घाम फुटला. दोन महिन्यांत आपण एकदाही पळालेलो नाही! निदान एक फेरी तरी मारावी. गावापासून धरणाच्या भिंतीपर्यंत तीन किलोमीटर. जाऊन येऊ, शरीराला कळेल तरी की आपल्याला कुठल्या कामासाठी नेतायत.

बूट नवे होते. बीडच्या दुकानात आठ नंबर संपला होता. दुकानदार म्हणाला होता, "सात न्या. पळून पळून ढिल्ले होतात." मी दोन्ही पाय असे कोंबले, जसं गोणीत दोन पायल्या ज्यादा ज्वारी भरावी! आता पाण्याची बाटली पाहिजे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, पळताना पाणी जवळ ठेवा.

"मुक्ता, बाटली कुठंय?"

आमच्या मुक्ताबाई आत बॅगा भरत होत्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण बाई मांजरसुंब्याच्या घाटापलीकडं कधी थंड हवेला गेली नव्हती. आठ दिवस नुसत्या बॅगाच भरत होत्या. "आवो, बाटली बॅगंत तळाला गेली. दशम्याच्या खाली! आता काय समदं उपसू? तो कॅन न्या की!"

मी पाच लिटरचा निळा कॅन उचलला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि निघालो.

आता तुम्हीच विचार करा. टँकरवर जगणारं गाव. टँकर कधी सकाळी सहाला यायचा, कधी दुपारी दोनला, कधी परवा. आणि अशा गावातून एक माणूस दिवस उगवताना, हातात कॅन घेऊन, जीव खाऊन पळत सुटलाय! मला हे त्या वेळी सुचलं नाही. मी श्वास मोजत होतो.

वेशीजवळ छबुबाई ओटा झाडत होत्या. वय साठीच्या पुढं, आवाज विशीच्या अलीकडचा.

"का रं सुग्रीवा, टँकर आला व्हय?"

मला सांगायचं होतं, "न्हाई मावशी, मी मॅरेथॉनचा सराव करतोय." पण तोवर दोनशे पावलं झाली होती आणि माझ्याकडं एका अक्षरापुरताही दम शिल्लक नव्हता! मी नुसता हात हलवला. 'नाही, नाही' असा. पण पळताना हलवलेला हात कुठं जातो? पुढं! थेट धरणाकडं!

"आगं बयाऽऽ! धरणाकडं उभा केलाय टँकर! चलाऽऽ!"

मागं खणखणाट झाला. घागरी, बादल्या, हंडे. दारं धडाधड उघडली. मला वाटलं, गावाला बातमी लागली दिसतेय. आपल्या धावपटूला निरोप द्यायला लोक भांडी वाजवतायत! माझी छाती फुगली. मी वळून हात उंचावला. मागून आरडाओरडा दुप्पट झाला. एका मोटारसायकलवर दोघंजण दोन ड्रम घेऊन माझ्या पुढं निघून गेले. म्हटलं, वा! रस्ता मोकळा करायला माणसंसुद्धा लावली!

तुम्हाला सांगतो, लोकांच्या प्रेमात फार ताकद असते. तीन किलोमीटर मी एकदाही न थांबता पळालो. धरणाच्या भिंतीशी पोचलो, गुडघ्यांवर हात टेकले आणि कौतुक ऐकायला मागं वळलो.

समोर सव्वाशे माणसं. घामाघूम. रिकाम्या घागरी घेऊन.

"कुठं हाय टँकर?" छबुबाईंनी विचारलं.

"कसला... टँकर?"

"तू दावलास त्यो!"

"मी... सराव... मॅरेथॉन..."

"काय थॉन?"

"पळायची शर्यत! महाबळेश्वरला!"

मग एका म्हातारबाईनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "म्हंजी तू उगंच पळत व्हतास? कावून?"

मी खाली वाकून न सुटलेली नाडी बांधायला लागलो.

मोटारसायकलवाले दोघं शिव्या घालत केव्हाच माघारी फिरले होते. बाकीचे माझ्याकडं असे बघत होते की मी हळूच कॅन पाठीमागं लपवला. एवढ्यात फोन वाजला. मुक्ताबाई!

"आवो, कुठं हात तुमी? हिकडं घोटाळा झाला."

"कसला?"

"दारात हॉर्न वाजला. मला वाटलं जीपच आली लौकर. मी आतूनच वरडले, थांबा जरा, साडी बदलते! नवी साडी नेसले, वेणी घातली, कुलूप लावलं, बॅगा घेऊन बाहीर येते तर काय! जीप न्हाईच, टँकर! आन त्यो बी चाललेला पलीकडच्या वाडीला! मी हाका मारल्या, पन त्याच्या इंजनाच्या आवाजात कोन ऐकतंय?"

फोनचा आवाज मोठा होता. सव्वाशे माणसांनी ऐकलं.

टँकरचा नियम असा की पाणी उतरवलं म्हणून ड्रायव्हरच्या वहीवर गावातल्या दोघांच्या सह्या लागतात. सह्या नाहीत तर पाणी नाही, टँकर पुढच्या गावाला. आणि अख्खं गाव माझ्या मागं धरणावर! सही करायला होती कोण, तर एकटी माझी बायको, आणि ती वेणी घालत होती. मी टँकरच्या ड्रायव्हरला, इलियासला, चार वेळा फोन लावला. बंद!

छबुबाई मटकन खाली बसल्या. आवाज एकदम उतरला.

"आज माझ्या नातीचं बारसं हाय रं सुग्रीवा. दुपारी व्ह्याही येणार. चाळीस मानसं. घरात दीड घागर पानी. मी त्यान्ला काय पाजू, तुझी शर्यत?"

खरं सांगतो, तोवर मला फक्त लाज वाटत होती. आता पेढे आठवले. छबुबाईंच्या लेकीला सात वर्षांनी मूल झालं होतं. पेढे सगळ्यात आधी आमच्या संस्थेतच आले होते, आणि त्यातले चार मी एकट्यानं खाल्ले होते.

वाडी रस्त्यानं दहा किलोमीटर, डोंगराला वळसा घालून. पण धरणाच्या तळातून सरळ गेलं तर तीन. एरवी ज्या जागी माणूस बुडाला असता, तिथून आता पळता येत होतं.

"मावशी, उठा. मी आणतो टँकर!"

"मी बी येते. तुझ्यावर सोडलं तर बारसं पुढल्या साली व्हईल."

पळालो! तळाची माती तडकलेली, प्रत्येक भेगेत पाय अडकेल अशी. सात नंबरच्या बुटांत माझी बोटं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. मी फुसफुसत होतो, आणि शेजारी छबुबाई, काखेत घागर, पायात झिजलेली चप्पल, तोंड अखंड चालू!

"नाव काय ठिवावं रं? लेक म्हनती स्वरा. मी म्हनते गंगा. तुला काय वाटतं?"

"हं..."

"गंगाच बरं. न्हाई का? पानी तरी यील नावात."

"हं... हं..."

"तुला धाप लागली व्हय? आजून निम्मं बी न्हाई झालं!"

मधोमध जरा ओल होती. मला ती दिसली नाही. डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय आला, बूट राहिला! छबुबाईंनी वाकून पाहिलं. "ऱ्हाऊ दे. पाऊस पडला की वर यील." मग एका पायात बूट असल्यानं मी लंगडत गोल गोल फिरायला लागलो, म्हणून दुसराही काढून फेकला. शेवटचा किलोमीटर अनवाणी. आठ वाजता ती माती तापलेल्या तव्यासारखी झाली होती, त्यामुळं वेग मात्र फार सुधारला!

वाडीच्या विहिरीवर टँकर उभा होता. पाइप विहिरीत सोडलेला, टाकीतलं पाणी धो धो आत चाललेलं. इलियास बोनेटला टेकून चहा पीत होता.

"इलियासभाई! बंद करा!"

"या सेक्रेटरीसाब! काय तुमचं गाव! मी पंधरा मिनिटं हॉर्न मारला. सगळ्या घरांना कुलपं. एका घरातून बाई वरडली, थांबा, साडी बदलते! पंचवीस साल झाले टँकर चालवतोय, पान्यासाठी साडी बदलणारी बाई न्हाई बघितली. मी घाबरून निघून आलो!"

"ती माझीच बायको," मी म्हणालो.

त्यानं बिचाऱ्यानं पाइप बंद केला. पण वाडीचे धोंडीराम काठी आडवी धरून उभे राहिले. "वाडीत आलेलं पानी वाडीचं. सह्या झाल्यात!"

मी नियम सांगायला तोंड उघडलं, पण आतून नुसती शिट्टी वाजली. छबुबाईंनी मला हातानं बाजूला केलं, घागर खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"धोंडीरामभाऊ, भांडायला न्हाई आले. निवतं द्यायला आले. आज नातीचं बारसं हाय, समद्या वाडीनं यायचं. लापशी हाय. फकस्त येताना तेवढं हे पानी संगं घिऊन या, म्हंजी शिजवता यील."

धोंडीराम बघतच राहिले. मग काठी खाली आली. "निम्मं उतरलंय. निम्मं न्या. आन लापशीला गूळ कमी घालू नका!"

आम्ही टँकरवर बसूनच गावात शिरलो. छबुबाई केबिनमध्ये, मी वर टाकीवर. लोकांनी पुन्हा भांडी वाजवली. या वेळी कशासाठी ते मला नीट माहीत होतं, त्यामुळं मी हात वगैरे हलवला नाही. अर्ध्या टँकरची वाटणी झाली. बारशाला आधी दिलं. बाकीच्यांना निम्मं निम्मं. सेक्रेटरीच्या घराला शून्य. ते अर्जुनरावांनी जाहीर केलं आणि कुणीही, अगदी माझ्या बायकोनंही, विरोध केला नाही.

जीप दारात उभी होती. माझे तळपाय मात्र पुरीसारखे टम्म फुगले होते. जनावरांचे डॉक्टर आले (माणसांचे बीडला). त्यांनी चष्मा लावून दोन्ही तळवे पाहिले आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "फार काही नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, दोन बादल्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसा."

दोन बादल्या! अंगणात जमलेल्या बायकांनी माझ्या पायांकडं पाहिलं, मग एकमेकींकडं पाहिलं. मी घाईघाईनं पाय शेजारी पडलेल्या लुगड्याच्या घडीखाली झाकले.

"मग चला की!" मुक्ताबाई बॅग उचलत म्हणाल्या. "महाबळेश्वरात नळाला पानी असतंय म्हनं. दिवसभर!"

अर्जुनरावांनी आणि जीपच्या ड्रायव्हरनं मला उचलून जीपमध्ये टाकलं.

तर असा मी महाबळेश्वरच्या मॅरेथॉनला गेलो. रविवारी सकाळी साडेसहाला, राज्यभरातले धावपटू धुक्यातून पळत असताना, मी खोलीच्या गॅलरीत, हिरवा टी-शर्ट घालून, दोन्ही पाय बादलीत सोडून बसलो होतो. मुक्ताबाई शेजारी बसून प्रत्येकाला टाळ्या वाजवत होत्या आणि दर दहा मिनिटांनी मला गरम पाणी आणून देत होत्या. माझ्या आयुष्यातला इतका सुखाचा रविवार दुसरा नाही.

सोमवारी गावात परतलो तर वेशीवर छबुबाई, मांडीवर नात.

"का रं सुग्रीवा, कशी झाली शर्यत?"

मी जरा इकडं तिकडं पाहिलं, आणि खरं तेच सांगितलं.

"मावशी, पानी लई चांगलं व्हतं."