यानाचा पायगुण

मुलगी काय आणि अंतराळयान काय, दोन्ही शेवटी परक्या अंगणात उतरवण्यासाठीच घडवायची असतात. दोन्हींना खर्च येतो, दोन्हींचा घोर लागतो, आणि सुखरूप पोचल्याचा निरोप येईपर्यंत बापाला झोप नसते. फरक इतकाच की यानानं कुठं उतरायचं, ती जागा आधी नीट तपासून घेतात.

मी गुरुराज, सोलापुरात स्थळं जुळवतो. (मानधन घेत नाही. टॉवेल-टोपी आणि पंगतीत पहिलं पान, एवढ्यावर समाधानी आहे.) कुंभारीच्या आबासाहेबांची ऋतुजा बंगळुरूला यानाचे पाय बनवणाऱ्या तुकडीत आहे. हे यान शनीच्या एका चंद्रावर उतरणार होतं. यान निघालं तेव्हा पोरगी तेवीस वर्षांची होती. वाटेत सात वर्षं गेली. यानाचं वय वाढलं, असं कोणी म्हटलं नाही. मुलीचं मात्र वाढलं, असा ठराव भावकीनं एकमतानं मंजूर केला.

सबब मी जेऊरचं स्थळ आणलं. मुलगा युवराज, शेती बागायती, स्वभाव शांत. (त्याच्या आईपुढं सगळ्यांचाच शांत होतो.) आई बजाबाईंना शिकलेली सून हवीच होती. अडचण एकच निघाली.

"पोर गुणाची हाय, आमी कुटं न्हाय म्हनतोय," त्या म्हणाल्या. "पन सगळं आभाळ सोडून शनीच्या दारात कशाला गेली ती? त्ये यान उतरू द्या की. पोरीचा पायगुन तरी कळंल."

हसणारे हसोत. मला हा विचार शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष वाटला. माप ओलांडून झाल्यावर पायगुण कळून काय उपयोग? इथं पाय तिनंच बनवलेले, उंबरठा दीडशे कोटी किलोमीटर लांब, आणि काही बिघडलंच तर आपल्या घरातली कपबशीसुद्धा फुटणार नाही. इतकी सुरक्षित चाचणी आपल्या पूर्वजांना कधी लाभली नव्हती. यान उतरलं तर तिथल्या तिथं सुपारी फोडायची, आपटलं तर चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत, असं ठरलं.

आबासाहेबांना मात्र अन्न गोड लागेना. यान पडलं तर पोर जन्माची पांढऱ्या पायाची ठरणार होती, आणि असली बातमी जेऊरहून होटगीपर्यंत जायला रेडिओलहरी लागत नाहीत.

ठरल्या दिवशी दुपारी कुंभारीत टीव्हीसमोर सतरंजी अंथरली. पडद्यावर नियंत्रण कक्ष, मागच्या रांगेत ऋतुजा. मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही याच थेट प्रक्षेपणात उरकून घ्यावा, अशी सूचना मी मांडली. ती मान्य झाली.

"जरा उभी ऱ्हायाला सांगा की तिला," बजाबाई म्हणाल्या. "उंची कळंना."

योगायोगानं ती उठली, पाणी प्यायली, बसली. उंची पसंत पडली. चालही पसंत पडली. (युवराजला काय पसंत पडलं ते कळलं नाही, तो आईकडे बघत होता.)

तेवढ्यात निवेदकानं सांगितलं, जे व्हायचं ते तिकडे होऊन गेलं आहे. पण निरोप इथं पोचायला जवळपास दीड तास लागतो.

"म्हंजी झालंय, पन कळलं न्हाय?" बजाबाईंनी विचारलं.

"आपल्या घरातबी तसंच असतंय की," युवराज म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला. पुढचं त्याला बोलू दिलं नाही.

दीड तासात शेंगापोळ्या संपल्या. आबासाहेब सकाळीच शनीला तेल वाहून आले होते (हद्द त्याचीच होती), तरी देवघरापुढं जाऊन पुन्हा हात जोडून उभे राहिले.

अखेर निरोप आला. यान उतरलं होतं! तीन पाय घट्ट, चौथा खड्ड्यात; यान किंचित कललेलं, पण काम सुरू. नियंत्रण कक्ष नाचायला लागला. ऋतुजा शेजारणीच्या गळ्यात पडून रडली, इकडं आबासाहेब उपरण्यात तोंड खुपसून रडले. सतरंजीवर मात्र प्रकरण अजून विचाराधीन होतं.

"एक पाय खड्ड्यात गेला की," बजाबाई म्हणाल्या.

"चारांत तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के," मी म्हणालो. "दहावीला याला डिस्टिंक्शन म्हणतात. युवराजला किती होते?"

बजाबाईंनी ताबडतोब सुपारी फोडायला सांगितली.

मी लगेच ऋतुजाला फोन लावला, स्पीकर चालू केला, सर्वांच्या वतीनं अभिनंदन केलं आणि सुपारी फुटल्याची आनंदाची बातमी दिली.

"कुणाची सुपारी, काका?"

बंगळुरूचा आवाज कुंभारीत यायला क्षणभरही लागत नाही. मी आबासाहेबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. चौकशीअंती निष्पन्न झालं ते असं: यान उतरेपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, अशी तंबी पोरीनं बापाला दिली होती. बापानं ती तंतोतंत पाळली. तिच्यापुढं विषय काढलाच नाही.

"मला न विचारता?" तिचा आवाज अजून रडून घोगरा होता. "मला नाही करायचं हे लग्न. पाहुण्यांना नीट जेवायला घाला. आणि आबा, तुम्ही गोळी घेतली का आज?"

फोन बंद झाला. फोडलेली सुपारी ताटात तशीच पडून होती.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! पोरीला एकदा विचारावं, हे कुणालाच सुचू नये? शाबास. तुम्ही सुधारलेले. पण खरं सांगा, इतका वेळ वाचताना तुम्हांला घोर कसला होता? यान उतरतंय का आणि सुपारी फुटतीय का, याचाच ना? तीन पाय टेकले तेव्हा हायसं वाटलं ना? मग लाजू नका, इकडं सरका. सतरंजी मोठी आहे, बजाबाईंच्या शेजारी अजून जागा आहे.