रेणुकादास सरांचं फाइव्ह जी

लातूरच्या रेणुकादास सरांचे मोठे निर्णय सहसा चुकत नसत. चुकायचे ते लहान. भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झाल्यावर त्यांचा जुना विद्यार्थी सर्वेश यानं त्यांना आपल्या कोचिंग क्लासवर घेतलं होतं. दोन वर्षं झकास गेली. मग क्लास वाढला आणि नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गेला. सर तर त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेपासून दुसऱ्या मजल्याच्या वर पाऊल टाकत नसत. (सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्याला ते खाली पार्किंगमध्ये जेवले होते.)

"मी घरूनच शिकवतो, ऑनलाइन," सर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"चालतंय की सर," सर्वेश म्हणाला, आणि सगळं इथून सुरू झालं.

सरांचं घर भूकंपानंतर दोन वर्षांनी बांधलेलं. त्यात सरांनी इतकी सळई घातली होती की व्यंकट मिस्त्रीनं शेवटी विचारलं होतं, "सर, घर बांधायलोत का धरण?" त्या घरात राऊटर बसला पुढच्या खोलीत, टीव्हीखालच्या फळीवर. सरांचा पांढरा बोर्ड मात्र मागच्या खोलीत, भिंतीत पक्का ठोकलेला. दोन्हींच्या मध्ये एक बोळ.

नेट बसवायला सिद्धराम आला होता. त्यानं समजावून सांगितलं, "काका, ह्याच्यात दोन लाईनी हायत. टू पॉइंट फोर म्हणजे जुना रस्ता. तुमच्या गल्लीत सतरा होस्टेलं, समद्यांचे राऊटर त्याच्यावरच. लई गर्दी. तुम्ही फाइव्ह जी वापरा, बायपास हाय. मोकळा. फक्त मधी काही आडवं आलं की दम टाकतो."

"फाइव्ह जी नाही रे, पाच गिगाहर्ट्झ," सरांनी त्याला दुरुस्त केलं. बाकीचं वाक्य त्यांनी ऐकलं नाही. चूक सापडली की पुढचं ऐकायचं नाही, ही मास्तरकीतली जुनी सवय.

पहिले चार दिवस बायपास सुसाट होता. पाचव्या दिवशी, "समजलं का?" असं विचारताना सर तोंड उघडं ठेवून अडकले ते सहा मिनिटं. सहाव्या दिवशी तीच गत. मग पुन्हा काही दिवस सुरळीत, मग पुन्हा अडकले. मुलांनी त्या उघड्या तोंडाचं स्टिकर बनवलं. ते फिरत फिरत कंधारला सरांच्या व्याह्यांपर्यंत गेलं, आणि व्याह्यांनी ते सरांनाच सकाळी 'सुप्रभात' म्हणून पाठवलं.

तक्रार केली की सिद्धराम चार दिवसांनी यायचा. तो आला की नेट असं पळायचं, की सरांनाच खोटं पडल्यासारखं व्हायचं.

"काका, एकदम ओके दाखवायलंय की."

"आज दाखवतंय रे! परवा नव्हतं."

"मग परवा बोलवायचं नाही का!"

सर हाडाचे शास्त्रज्ञ. त्यांनी वही घातली. अडकल्याची तारीख, तापमान, वारा, रस्त्यावरून गेलेल्या एसटी, सगळं टिपलं. संशय शेवटी शेजारच्या नीलाबाईंच्या मेसमधल्या मोठ्या मिक्सरवर आला. सर स्वतः गेले. "पाच ते साडेसहा मिक्सर बंद ठेवाल का? लहरींना त्रास होतो."

"कोणत्या लहरीबाई?" नीलाबाईंनी विचारलं. पण बाई भल्या. शंभर पोरांची चटणी त्यांनी आठवडाभर दुपारीच वाटून ठेवली. सर तरीही अडकले.

शेवटी सर्वेशचा फोन आला. "सर, राग मानू नका. परीक्षा तोंडावर आलीय. रविवारी विद्युतचुंबकीय लहरींची शेवटची बॅच. ह्या वेळी अडकलं, तर पुढं मला श्रीनाथ सरांना बसवावं लागेल."

श्रीनाथ म्हणजे सत्तावीस वर्षांचा, सरांचाच विद्यार्थी. चौथा मजला दोन ढांगांत चढणारा. सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पेन्शन होती, प्रश्न पोटाचा नव्हता. पण पाच वाजता कोणी आपल्याला काही विचारणार नाही, हे त्यांना सहन होईना.

रविवार उजाडला. सकाळी आठ दिवसांनी नळ आला. चंद्रप्रभाकाकूंनी घागरी, पातेली, ड्रम सगळं काठोकाठ भरलं. दुपारी साडेचारला सरांनी लॅपटॉप उघडला. फाइव्ह जीची एक काडी दिसायची, लाजायची आणि जायची.

सर खुर्चीत मटकन बसले. काकू चहा घेऊन आल्या. त्यांची नजर उघड्या वहीवर पडली.

"अहो, हे सात, पंधरा, तेवीस काय आहे?"

"दर खेपेला अडकणं सुरू झालं, त्या तारखा."

"ह्या तर माझ्या नळाच्या तारखा." काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं. सात, पंधरा, तेवीस, आणि आजची एकतीस. प्रत्येकीभोवती निळा गोल.

"चंद्रप्रभा, नळाचा आणि वायफायचा काय संबंध? एक पाइपातून येतं, एक हवेतून..." एवढं बोलून सर थांबले. ह्या वेळी नेटमुळे नव्हे. त्यांनी बोळात पाहिलं.

बोळात तीन निळे ड्रम होते, दोनशे लिटरचे. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात सरांनी ते स्वतः आणले आणि अंगणात भरवसा नाही म्हणून स्वतः घरात लावले. रिकामे असले की प्लास्टिकच ते, लहरी आरपार जाणार. भरले की सहाशे लिटर पाणी. आणि पाणी ह्या लहरी पिऊन टाकतं, हे सरांनी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. (दोन मार्कांना यायचं.)

"ओतून देतो!" सर उठले.

"एक थेंब मोरीत गेला, तर मी अर्धापूरला माहेरी," काकू म्हणाल्या.

भरलेला ड्रम हलेना. पावणेपाच झाले. सरांनी कंपाउंडवरून हाक मारली, "नीलाबाई, पाणी पाहिजे का?"

हा प्रश्न त्या गल्लीत कधी कोणी कोणाला विचारला नव्हता.

"सर," नीलाबाईंनी हळूच विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

दोन मिनिटांत दारात रांग लागली. मेसच्या घागरी, होस्टेलच्या बादल्या, एकजण तर कुकर घेऊन आला. "सर पाणी वाटायलेत!" गल्लीभर झालं. धोतराचा काचा मारल्यासारखा पायजमा खोचून सर उपसत होते. दोन ड्रम तळाला गेले. चार काड्या आल्या! सर तिसऱ्या ड्रमला भिडणार, तेवढ्यात नीलाबाईंनी घागर खाली ठेवली.

"पर हे कशापायी चाललंय, सर?"

सरांनी धापा टाकत टीव्हीखाली बोट दाखवलं. "त्या डबीचा सिग्नल ह्या पाण्यामुळे मागं जात नाही."

"मग ती डबीच उचलून ड्रमावर ठिवा की. पाण्याच्या वरून जाईल."

काकूंनी डबी उचलली, वायर ओढली, ड्रमच्या झाकणावर ठेवली. वायर बरोब्बर पुरली. फाइव्ह जीच्या पाचही काड्या आल्या. चारशे लिटर पाणी तोवर गल्लीत गेलं होतं आणि रांगेतले लोक सरांना दुवा देत होते.

पाच वाजता सरांनी शिकवायला घेतलं ते ओल्या पायजम्यानंच. दीड तास एकदाही अडकलं नाही. सर नदीसारखे वाहिले. मध्येच सर्वेशनं अंगठा पाठवला, मग लिहिलं, 'सर, पुढची बॅचही तुमचीच.' दाराशी उभ्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. सरांच्या छातीवरचा दगड उतरला. इतकं हलकं त्यांना नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"कोणाला काही शंका?" त्यांनी प्रसन्नपणे विचारलं.

निलंग्याच्या पुनमनं हात वर केला.

"सर, शंका न्हाई. एक विनंती हाय. पहिले तुम्ही अडकायचात, तवा आम्हाला वहीत लिहून घ्यायला टाईम भेटायचा. आज काहीच लिहून झालं न्हाई." तिनं जरा घुटमळून पुढं म्हटलं, "मधी मधी अडकत जा ना सर. तुमचं तेवढंच लई चांगलं समजायचं."