साबणाने न जाणारी रेघ

काचेला ओरखडाही न पाडता तिच्या पोटात लेसरने रेघ ओढणारा आमच्या प्रयोगशाळेत एकच माणूस आहे. अस्मादिक! केसाहून बारीक रेघ, पण प्रकाश तिच्यातून नळातल्या पाण्यासारखा निमूट चालतो.

"सोमवारी समिती येतेय," सर म्हणाले. "या टोकाने लाल प्रकाश सोडायचा. त्या टोकाला ठिपका दिसला की तुमची नोकरी कायम. नाही दिसला तर..."

"सर, 'नाही' हा शब्दच काढू नका!"

बायकोला तर मी फोनवर सांगूनच टाकलं, झालो कायम!

सोमवारी समितीचे तिघे टेबलावर वाकले. मी ऐटीत प्रकाश सोडला. ठिपका नाही! काच सरकवली. नाही. उलटी केली. तरी नाही! समितीतल्या बाई घड्याळ बघायला लागल्या. तेवढ्यात साफसफाईच्या मावशी हातात फडकं घेऊन दारात दिसल्या आणि माझं डोकंच सटकलं.

"मावशी! तुम्ही माझी रेघ पुसलीत!"

"काचेच्या आतली?" सरांनी विचारलं. "फडक्याने?"

समिती खो खो हसली. मला मात्र रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"माझ्यावर कशाला ओरडता?" मावशी कडाडल्या. "उलट तुमच्या काचेखाली टेकू म्हणून ठेवता ना, ती काचेची पट्टी सकाळपासून तीनदा घासली! साबण लावला! तिरकी धरली की रेघ दिसतेच. मेली जाईल तर शपथ!"

सर कॉम्प्युटरकडे धावले. रेघ किती खोल ओढायची, त्या आकड्यात मी एक शून्य जास्त मारलं होतं! लेसर माझी काच बिनबोभाट पार करून खालच्या टेकूत रेघ ओढत बसला होता.

माझ्या काचेच्या जागी टेकू चढवला, प्रकाश सोडला. टपोरा लाल ठिपका! टाळ्या! मी तर आनंदाने मावशींच्या पायाच पडलो.

आठवड्याने पत्र आलं. नोकरी कायम! खाली बारीक अक्षरात एक अट: 'यापुढे प्रत्येक काच आधी मावशींना दाखवून त्यांची सही घ्यावी.'

आत्ताही मी काच घेऊन त्यांच्यासमोर उभा आहे.

"ठेवा तिथं," त्या म्हणाल्या. "लादी वाळू दे. आणि चपला काढा आधी!"