सायलीची चूल

करुणानं हॉलच्या भिंतीवर कागद चिकटवला, तेव्हाच तिच्या सासऱ्यांना आपलं आता काही खरं नाही हे कळलं. 'मुलांनी विचारल्याशिवाय मोठ्यांनी काहीही शिकवायचं नाही.' सुट्टीत काय शिकायचं हे आता तिची लेक सायली स्वतःच ठरवणार होती. सासरे म्हणजे बद्रीनाथ गुरुजी. वैजापूरच्या शाळेत त्यांचा सगळा जन्म न विचारता सांगण्यात गेला, आणि इथं पडेगावात मुलाच्या घरी तोंडाला कुलूप! त्यात नात काही विचारीना. शेवटी गुरुजींनी पिशवी भरली.

"रविवारपर्यंत माझी कुणाला गरज पडली नाय, तर मी आपला वैजापूरला जातो," त्यांनी जाहीर केलं.

रविवारी सकाळी सायलीनं ठरवलं, गच्चीवर चूल मांडून भाकरी करायची. करुणाला भरून आलं. सायलीनं विटा मांडल्या आणि रस्त्यावर कालच छाटून टाकलेल्या कडुनिंबाच्या फांद्या पाल्यासकट आत खुपसल्या. 'अगं, ओलं लाकूड जळत नसतं' हे वाक्य गुरुजींच्या जिभेवर पुनःपुन्हा येत होतं, पण करुणा डोळ्यांनीच दटावत होती. त्यांनी ते गिळलं.

जाळ काही झाला नाही. धूर मात्र असा झाला की समोरचं दगडाबाईंचं घर दिसेनासं झालं. कुणीतरी घाबरून अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला तो लालभडक, घंटा वाजवत. पण पाण्याची वाट बघून बघून ही गल्ली इतकी शिणली होती की मोठी गाडी दिसली की तिला एकच सुचायचं.

"टँकर आला गं!" दगडाबाईंनी हाळी दिली. हंडे, ड्रम, बादल्या क्षणात रांगेला लागल्या आणि बंबाला पुढं जायला वाटच उरली नाही.

"ओ मौसी, सरका! आग कुठंय?" जवान ओरडला.

"आग ऱ्हाऊ द्या हो. आधी नंबर माझा हाय."

जवान हंड्यांवरून उड्या मारत गच्चीवर पोहोचला. विटांवर बादलीभर पाणी ओतून त्यानं विचारलं, "घरात मोठं माणूस नाय का कुणी?"

"आहेत ना," करुणा पडलेल्या आवाजात म्हणाली, "पण तिनं विचारलं नव्हतं."

हंडे भरून दिल्याशिवाय गल्लीनं बंब सोडला नाही. इकडं गच्चीवर काजळलेल्या तोंडाची सायली गुरुजींपुढं येऊन उभी राहिली.

"आबा, चूल कशी पेटवायची?"

गुरुजींचं काळीज सुपाएवढं झालं. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "ज्वलनाला इंधन लागतं, प्राणवायू लागतो..."

"ते पुस्तकात आहे. पेटवायची कशी?"

वैजापूरच्या घरातली पहाट, चुलीपुढं वाकलेली बायको चतुराबाई, फुंकणीचा आवाज, भाकरीचा खरपूस वास, सगळं गुरुजींसमोर उभं राहिलं. आपण तेव्हा शेजारी बसून वह्या तपासत होतो. ती लाकडं कशी रचते, एकदासुद्धा मान वर करून पाहिलं नाही. आता ती नाही. तिची फार आठवण आली त्यांना.

"बाळा, मला नाय येत," ते हळूच म्हणाले. "तुझी आजी पेटवायची. मी तिला कधी विचारलंच नाय."

सायलीनं थोडा विचार केला. "मग इतक्यात जाऊ नका वैजापूरला. आपल्या दोघांना शिकवणारं कुणीतरी शोधू."

गुरुजी कठड्यापाशी गेले. खाली दगडाबाई भरला हंडा कमरेवर घेऊन निघाल्या होत्या. गुरुजींनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"दगडाबाई, एक विचारू का?"